प्रकरण आणि काळाचे वाटप

सर्जनशील लेखनाच्या स्वाध्यायासाठी कादंबरीचा आराखडा करावयास सांगितला, की बहुतेक वह्यांमध्ये एकच मांडणी दिसते. वीस प्रकरणे, प्रत्येकी साधारण दहा पाने. पहिल्या प्रकरणात पात्रांचा परिचय, दुसऱ्यात गावाचे वर्णन, तिसऱ्यात संघर्षाची सुरुवात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एखादा धक्का असतो: दार वाजते, पत्र येते, कोणाला तरी अपघात होतो. आराखडा नीटनेटका असतो. कादंबरी मात्र सहाव्या-सातव्या प्रकरणात थांबते आणि खाली शेरा असतो, 'वेळ मिळाला नाही.' वेळ मिळत नाही हे खरेच आहे. दिवसभराची नोकरी किंवा शेतातली कामे आणि घरातल्यांचे जेवणखाण आटोपून रात्री साडेदहाला वही उघडणाऱ्या माणसाला या बाबतीत उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही माझे मत असे आहे, की पुष्कळदा कादंबरी वेळेअभावी अडत नाही. आराखडा करतानाच झालेल्या एका गैरसमजामुळे ती अडते.

प्रकरण म्हणजे कथानकाचा तुकडा, हा तो गैरसमज. जणू कथानक हा कापडाचा तागा आहे आणि लेखकाने तो सारख्या अंतरावर फाडावयाचा आहे. वस्तुतः कथेतील काळ वाचकाच्या वाट्याला किती आणि कोणत्या गतीने यावा, याविषयी लेखकाने घेतलेला निर्णय म्हणजे प्रकरण होय. कोणत्या वर्षाला एक वाक्य द्यावयाचे आणि कोणत्या तासाला वीस पाने, हे एकदा मनाशी ठरले, की प्रकरणे बहुतांशी आपोआप पडतात. ते ठरले नसेल, तर प्रकरणांची संख्या, लांबी, शीर्षके यांविषयी केलेला सारा विचार वरवरचा राहतो.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनात कथेचा काळ आणि कथनाचा काळ यांच्या संबंधाची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडते. घटना घडावयास लागलेला काळ एकीकडे आणि ती सांगावयास लागलेली पाने दुसरीकडे ठेवली, की कथनाच्या चार गती दिसतात. काही काळ लेखक सरळ गाळून टाकतो; हा लोप. काही काळ तो आटोपशीर सांगतो, म्हणजे 'पुढची चार वर्षे दुष्काळाशी झगडण्यात गेली' असे म्हणून मोकळा होतो, हा सारांश. काही काळ तो संवादांसह, जसा घडला तसा उभा करतो, हा प्रसंग. आणि कधी घड्याळ थांबवून तो नुसते वर्णन किंवा चिंतन करतो, हा विराम. या चार संज्ञा परीक्षेसाठी पाठ करणे कठीण नाही. आपल्या लेखनात कोणती गती किती आहे, हे पाहणे मात्र अस्वस्थ करणारे असते. नवख्या लेखकाच्या वहीत बहुधा एकच गती आढळते. नायक उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, बसस्थानकावर जातो, तिकीट काढतो, खिडकीजवळ बसतो. प्रत्येक गोष्ट प्रसंगाच्या गतीने चाललेली असते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी पाहून घडलेल्या आपल्या पिढ्यांना प्रसंग तेवढा सुचतो. सारांश करणे म्हणजे आळस, असे वाटू लागले आहे. वास्तविक एका वाक्यात बारा वर्षे ओलांडण्याची जी मुभा कादंबरीला आहे, ती रंगभूमीला हेवा वाटावा अशी आहे. ती सोडून देण्यात काय शहाणपण?

कथनाचे असे वाटप आपल्या परंपरेला नवे नाही. गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण करणाऱ्या घरात कोणत्या दिवशी किती अध्याय वाचावयाचे, हे ठरलेले असते. तेथे अध्याय हे ग्रंथाचे अंग आहे, तसेच वाचणाऱ्याच्या दिवसाचेही माप आहे. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान लावतो आणि ते कोठे आवरावयाचे हे समोर बसलेल्या माणसांकडे पाहून ठरवतो. इंग्रजी कादंबरीच्या प्रारंभकाळात हेन्री फील्डिंगने 'जोसेफ अँड्र्यूज' (१७४२) या कादंबरीत दोन प्रकरणांमधील मोकळ्या जागेला प्रवाशाच्या वाटेवरील धर्मशाळेसारखे विश्रांतिस्थान मानले आहे. कीर्तनकाराला हे कोणी वेगळे सांगावे लागले नसते.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे उदाहरण या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. ती कादंबरी मानावी की आत्मकथन, याविषयी वाद घालता येईल. रचनेच्या अभ्यासासाठी त्या वादाची गरज नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी हे लेखन केले. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातील मित्रांना श्याम रात्री प्रार्थनेनंतर आपल्या आईच्या आठवणी सांगतो आणि एक रात्र म्हणजे एक प्रकरण होते. अशा बेचाळीस रात्री आहेत. श्रोते दिवसभराच्या कामाने दमलेले आहेत, त्यांना झोपावयाचे आहे, उद्या पुन्हा जमावयाचे आहे. त्यामुळे प्रत्येक रात्रीचे सांगणे एका आठवणीपुरते राहते आणि तिची ऊब उतरण्याच्या आत थांबते. उद्या काय होणार, या प्रश्नावर रात्र संपावी असा अट्टहास तेथे नाही. तरीही श्रोते दुसऱ्या दिवशी येतात.

याच पुस्तकातील काळाचे वाटप जरा बारकाईने पाहावे. आरंभीच्या रात्रींमध्ये काळ सैल आहे. एखादे व्रत, एखादी चूक, आईचे एखादे बोलणे एवढ्यावर एक रात्र सरते, आणि दोन रात्रींच्या मध्ये श्यामच्या बालपणातील महिने किंवा वर्षे निघून गेलेली असली तरी चुकल्यासारखे वाटत नाही. अखेरीस मात्र गती पालटते. अडतिसावी रात्र आईच्या शेवटच्या आजाराची आहे. त्यानंतर आजार, निरवानिरव, मृत्यू आणि स्मृतिश्राद्ध यांसाठी रात्रीमागून रात्र खर्ची पडते. ज्या लेखकाने बालपणाची वर्षे भराभर ओलांडली, तो आता दिवसांना रात्री देतो आहे. पुस्तक ज्यांनी लहानपणी वाचले असेल त्यांना शेवटच्या रात्री वाचताना आपण का रडलो, याचे उत्तर भाषेत शोधावेसे वाटते. माझ्या मते त्या रडण्याचा निम्मा भाग या वाटपात आहे.

येथे 'प्रत्येक प्रकरणाचा शेवट उत्कंठावर्धक असावा' या सर्वत्र ऐकू येणाऱ्या सल्ल्याकडे वळावयास हवे. या सल्ल्याचे समर्थन करताना क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांचा दाखला दिला जातो. पुढील अंक विकला जावा म्हणून लेखकाला वाचक टांगणीवर ठेवावा लागे, म्हणून ती पद्धत रूढ झाली, असे म्हणतात. रहस्यकथेच्या बाबतीत हे मान्य करता येते. बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा हाती घेणारा वाचक त्या टांगणीसाठीच आलेला असतो आणि ती न मिळाल्यास त्याची फसवणूक होते. परंतु मराठीतील क्रमशः प्रकाशनाचे सर्वांत मोठे उदाहरण या समर्थनाच्या विरुद्ध साक्ष देते.

हरि नारायण आपटे यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली सुरू झाले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून येते. तिचे बालपण, भावाशी असलेली जवळीक, आईवडिलांचे घर, लग्न, सासरची माणसे, शंकरमामंजींचा जाच आणि पुढे मुंबईत पतीसह मिळालेले थोडे सुखाचे दिवस, या साऱ्याला आपट्यांनी अतिशय ऐसपैस जागा दिली आहे. वैधव्य आणि सक्तीचे केशवपन या घटना फार उशिरा येतात. आजच्या हिशेबी सल्लागाराने ही संहिता वाचली असती, तर 'मुख्य घटना पहिल्या पन्नास पानांत आणा' अशी सूचना केली असती. तसे झाले असते तर काय उरले असते? विधवेच्या छळाची एक करुण हकिकत. तशा हकिकती त्या काळातील वृत्तपत्रांतून येतच होत्या.

आपट्यांना क्रमशः प्रकाशनाने टांगणीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट दिली होती: सहवासाचा काळ. साप्ताहिकाचा वाचक आठवड्यामागून आठवडे यमूबरोबर राहत होता. तिच्या घरातील भांडणे, रुसवे, पदार्थ, सण हे त्याच्या स्वतःच्या आठवड्यांत मिसळत होते. म्हणून तिच्यावर कोसळलेले संकट त्याला आपल्या ओळखीच्या मुलीवर कोसळल्यासारखे झाले असेल, असा तर्क करावयास जागा आहे. आपटे पाल्हाळिक आहेत, ही तक्रार जुनी आहे आणि काही ठिकाणी ती खरीही आहे. त्यांची सारीच लांबण समर्थनीय ठरत नाही. तरी मुंबईतील त्या सुखाच्या दिवसांची पाने कापा म्हणणाऱ्याशी मी सहमत होणार नाही. तीच पाने पुढच्या आघाताचे मोल ठरवतात.

उत्कंठेचा शेवट वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. तो प्रत्येक प्रकरणाला लावणे वाईट. असे प्रत्येक वळणावर केले, की वाचक वेगाने पाने उलटतो, आणि जेथे थांबावे अशी लेखकाची इच्छा असते तेथेही थांबत नाही. शिवाय लेखकावर दर दहा पानांनी एक धक्का शोधण्याची सक्ती येते. सहाव्या-सातव्या प्रकरणात वह्या थांबतात त्याचे एक कारण येथे आहे: धक्के संपलेले असतात. पात्रे अजून जिवंत असतात, पण त्यांच्याकडे पाहावयाची सवय लेखकाला लागलेली नसते.

शेवट आधीच ठाऊक असूनही कादंबरी कशी चालते, हे विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये पाहावयास मिळते. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि जर्मनी सोडावी लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोट मुंबईला लागणार, तो उतरणार, ती पूर्वेकडे पुढे जाणार, हे पात्रांना ठाऊक आहे आणि वाचकालाही. काळाची मर्यादा बोटीने घालून दिली असल्यामुळे लेखकाला ती कृत्रिम धक्क्यांनी घालावी लागत नाही. प्रत्येक दिवस उरलेल्या दिवसांतून वजा होत जातो, एवढे पुरेसे आहे. आपल्या कादंबरीसाठी अशी एखादी 'बोट' सापडते का, हे प्रत्येकाने पाहावे. सुगीचा हंगाम, रुग्णालयातील मुक्काम, निवडणुकीचा महिना, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीचे तीन महिने: काळाची अशी भांडी आपल्या भोवती पुष्कळ आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) निराळ्या कारणासाठी अभ्यासावी. आकाराने ही कादंबरी लहान आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळेवर येतो, हळूहळू वाडीचा होतो, लोकांना एकत्र आणून तालीम बांधतो आणि संस्थानच्या राजेसाहेबांच्या हस्ते तिचे उद्घाटन होते. सामान्य लेखकाने येथे कादंबरी संपवली असती. घटना, समारंभ, यश, सर्व काही जमून आलेले आहे. माडगूळकर पुढे जातात. दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. त्या रिकाम्या होण्याला लेखकाने दिलेली जागा डोळ्यांसमोरून काढून टाका, म्हणजे मागची सारी पाने शासकीय विकासकथेसारखी भासू लागतील. प्रकरणांचा क्रम लावताना 'माझे तालमीचे उद्घाटन कोठे आहे आणि त्यानंतर काय उरते' हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

काळाऐवजी आवाजानुसार विभाग पाडण्याची पद्धतही आपल्याकडे परिचित आहे. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापले सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये सहा जण बोलतात आणि अखेरचे सांगणे श्रीकृष्णाकडे येते, कारण स्वतःच्या मृत्यूची हकिकत कर्ण सांगू शकत नाही. हे निवेदक बदलणे केवळ वैचित्र्यासाठी होऊ लागले, तर मात्र ते लवकर थकवते. आवाज बदलला की वाचकाला नव्याने ओळख करून घ्यावी लागते, म्हणजेच गती मंदावते. ती मंदावणे हवे असेल तेथेच हा उपाय योजावा. नेमाड्यांच्या 'कोसला' (१९६३) मध्ये पांडुरंग सांगवीकरच्या सलग निवेदनात मध्येच डायरीच्या नोंदी येतात, आणि बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या ठिकाणी तोच बोलका निवेदक तुटक होतो. गती बदलण्यासाठी तेथे निवेदक बदलावा लागलेला नाही.

आता एक कल्पित आराखडा घेऊ. समजा, आपणास एका कुटुंबाची कादंबरी लिहावयाची आहे. दोन भावांनी वडिलोपार्जित शेत विकले. धाकटा शहरात स्थिरावला, थोरला त्याच शेतात दुसऱ्याचा मजूर झाला. कथेचा काळ तीस वर्षांचा. वहीतला आराखडा असे सांगेल: दहा प्रकरणे, प्रत्येकात तीन वर्षे. यातून तीस वर्षांची नोंदवही तयार होईल. त्याऐवजी असे करून पाहावे. ज्या दिवशी खरेदीखत झाले, तो दिवस पूर्ण घ्यावा. पहाटे थोरल्याने बैल सोडले, तेथपासून सुरुवात. तालुक्याच्या निबंधक कार्यालयाबाहेरचा बाक, मुद्रांकविक्रेत्याचे टेबल, साक्षीदारांचा चहा, आईचा अंगठा, तिच्या बोटाला लागलेली शाई पुसण्यासाठी कोणाकडेच नसलेले फडके. या एका दिवसाला दोन प्रकरणे लागली तरी हरकत नाही. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यात अकरा वर्षे जाऊ द्यावीत. ती कोठे गेली, याचे स्पष्टीकरण देऊ नये. थोरल्याची मुलगी आता नववीत आहे आणि ज्या विहिरीवर ती पाणी भरते ती आपलीच होती हे तिला ठाऊक नाही, एवढे वाचकाला कळले की त्या अकरा वर्षांत काय झाले असेल ते तो स्वतः भरून काढतो. लोपाचे बळ हे असे असते. अर्थात, आधीचा दिवस पुरता उभा केलेला असेल तरच.

या आराखड्यात प्रकरणे सारख्या लांबीची होणार नाहीत. एखादे तीस पानांचे होईल, एखादे दीड पानाचे. विद्यार्थ्यांना याची भीती वाटते, कारण शाळेपासून निबंधाचे परिच्छेद सारखे ठेवावयास आपण शिकलो आहोत. टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'त शेकडो प्रकरणे केवळ क्रमांकांनी ओळखली जातात आणि सबंध कादंबरीत एकाच प्रकरणाला शीर्षक आहे, 'मृत्यू'. समतोलाचा आग्रह धरला असता, तर एक तर सर्वांना शीर्षके द्यावी लागली असती, नाही तर त्या एकाचे काढून टाकावे लागले असते.

शेवटी पुन्हा रात्री साडेदहाच्या वहीकडे येतो. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याच्या हातून एक गोष्ट नकळत घडते: एका बैठकीत जेवढे लिहून होते, तेवढे प्रकरण ठरते. दीड तास मिळाला, पाच पाने झाली, डोळे मिटू लागले, प्रकरण संपले. लेखनाची बैठक आणि वाचनाची बैठक या भिन्न गोष्टी आहेत. पाच पाने लिहावयास दीड तास लागला, तरी ती वाचावयास दहा मिनिटे लागतात. तेव्हा रात्रीचे लेखन जेथे थांबेल तेथे प्रकरण संपवू नये. उलट वाक्य अर्धे ठेवून उठावे आणि उद्या त्याच वाक्यापासून सुरू करावे. प्रकरणांच्या सीमा पहिल्या खर्ड्यात आखल्याच पाहिजेत असेही नाही. सलग लिहावे, पुढे सुटीच्या दिवशी सारी पाने एका बैठकीत वाचावीत आणि वाचताना आपण स्वतः कोठे उठलो, पाणी प्यायलो, खिडकीबाहेर पाहत राहिलो, तेथे समासात पेन्सिलीने खूण करावी. त्यांतील काही खुणा कंटाळ्याच्या असतील. तेथील मजकूर सारांशात घालावा. ज्या खुणांपाशी पान उलटावेसे वाटले नाही म्हणून आपण थांबलो, तेथे नवे प्रकरण सुरू करावे.